वारसाहक्काच्या केसमध्ये जजसमोर नीट काम कसं करायचं: नवीन वकिलांसाठी

वारसाहक्काच्या केसेसमध्ये जज कायद्यावर फारसे अडत नाहीत, अडतात ते कुटुंबावर. कोण कुणाचा मुलगा, आजोबांच्या दोन बायकांपैकी पहिली कधी वारली, गट नंबर पडल्यावर जुन्या सर्व्हे नंबरची जमीन कुठे गेली, बहिणींनी रजिस्टर हक्कसोडपत्र दिलंय की नुसता तलाठ्यासमोर जबाब दिलाय, हे सगळं भरगच्च बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, आपलं मॅटर पुकारल्यावर पाच-दहा मिनिटांत जजच्या डोक्यात नीट बसायला हवं, आणि ते बसवून देणं हे वकिलाचं काम आहे. शिवाय ज्या माणसाच्या मिळकतीवरून सगळं चाललंय तोच साक्ष द्यायला येऊ शकत नाही. त्यामुळे जज या केसेसमध्ये कागदावर आणि वकिलाच्या शब्दावर इतर दाव्यांपेक्षा जास्त अवलंबून असतात. हे एकदा समजलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या तालुका, जिल्हा कोर्टात आणि मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर (जिथे दावे थेट दाखल होतात) नव्याने काम सुरू केलेल्यांसाठी आहे. गोव्यातल्या मित्रांनी एवढंच लक्षात ठेवा की तुमच्याकडे २०१२ चा स्वतंत्र वारसा कायदा आहे, इन्व्हेंटरी प्रोसीडिंग (मयताच्या मिळकतीची यादी करून वाटप करायची कार्यवाही) आहे, आणि जवळचे वारस असतील तर अर्धी मिळकत त्यांच्यासाठी राखीव राहते, म्हणून इथलं सगळं जसंच्या तसं तिकडे लावू नका. पण जजसमोर वागायचं कसं हा भाग सगळीकडे तोच.

पायरी १: आधी नक्की काय मागायचंय ते ठरवा

जजचा वेळ सगळ्यात जास्त कशात जात असेल तर चुकीच्या प्रकारच्या अर्जात. क्लायंट येतो आणि म्हणतो "वारस दाखला पाहिजे", आपण लगेच टायपिंगला बसतो. थांबा. कशासाठी पाहिजे ते विचारा.

बँकेतली एफडी, शेअर्स, मयताचं कुणाकडून येणं, यासाठी भारतीय वारसा कायदा १९२५ चं कलम ३७२, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. ते घरासाठी किंवा जमिनीसाठी मिळत नाही, तरी अर्जाच्या परिशिष्टात फ्लॅट टाकलेले अर्ज रोज येतात आणि रोज ऑब्जेक्शन निघतं. "हे वारस आहेत" एवढंच जाहीर करून हवं असेल तर मुंबई रेग्युलेशन ८ सन १८२७, हो, एवढा जुना कायदा आपल्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. मृत्युपत्र असेल आणि त्यात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) नेमलेला असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, नेमलेला नसेल तर मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीचा कारभार बघायचा कोर्टाचा अधिकार. आणि भाऊबहिणींमध्ये हिस्स्यावरूनच भांडण असेल तर सरळ वाटपाचा दावा, कारण सर्टिफिकेटच्या प्रोसीडिंगमध्ये झालेला निर्णय नंतरच्या दाव्यात त्याच मुद्द्यावर आड येत नाही, कलम ३८७ वाचा. म्हणजे ज्याला खरं भांडण सोडवायचंय त्याने सर्टिफिकेटच्या कोर्टात मालकीवर तासभर युक्तिवाद करून काही मिळत नाही, जज मात्र वैतागतात.

तसंच प्रोबेट कोर्ट मालकी ठरवत नाही. मृत्युपत्र खरं आहे का, नीट केलेलं आहे का, शेवटचं आहे का, एवढंच ते बघतं. "माय लॉर्ड, ही मिळकत मुळात वडिलांची नव्हतीच" हा मुद्दा तिथे उचलला की जज लगेच थांबवतात आणि पहिल्याच दिवशी तुमचं इंप्रेशन जातं.

मुंबईतल्या हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं, हे आपण सगळे पाठ करून आलोय, ते होतं वारसा कायद्याच्या कलम २१३ मुळे आणि डिसेंबर २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्याने ते कलम काढून टाकलंय. प्रोबेट घेता येतंच, आणि मृत्युपत्रावर वाद व्हायची शक्यता असेल तर घ्यावंच असं माझं मत आहे. पण जुन्या नोट्स घेऊन जजसमोर उभं राहू नका, आणि जुन्या चालू केसमध्ये हा मुद्दा निघाला तर दुरुस्ती कायदा हातात घेऊनच बोला.

पायरी २: वंशावळ आणि मिळकतीची यादी, यावर दोन दिवस घालवा

मला विचाराल तर अख्ख्या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान म्हणजे वंशावळ. आणि बहुतेक दाव्यांमध्ये तेच सगळ्यात घाईत केलेलं असतं. नुसती नावं आणि रेघा नकोत. प्रत्येक मयत माणसाच्या नावाखाली मृत्यूची तारीख पाहिजे, आणि त्या तारखेला पुरावा कुठला, मृत्यूचा दाखला की फेरफार नोंद, ते दस्तऐवज यादीतल्या नंबरसह पाहिजे. लग्न झालेल्या मुलींचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं. दत्तक गेलेला असेल तर कधी आणि कुणाकडे.

तारखा एवढ्या का, तर कायदा तारखेवर फिरतो. माणूस १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी वारला की नंतर, विधवांना मिळकतीत हक्क देणाऱ्या १९३७ च्या कायद्यानंतर वारला असेल तर विधवेचा प्रश्न, मग मुलींना हक्क देणारी महाराष्ट्राची २२ जून १९९४ ची दुरुस्ती, मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती, आणि २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं वाटप किंवा विक्री असेल तर ती सुरक्षित. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२०, यानंतर मुलीला जन्मानेच सहदायिकाचा (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या वाटेकऱ्याचा) हक्क आहे, २००५ साली वडील जिवंत असायलाच हवेत असं नाही, हे आता सगळ्यांना माहितीय. पण त्याच निकालात तोंडी वाटपाबद्दल काय म्हटलंय ते फार कमी लोक वाचतात. तोंडी वाटप झालं एवढं म्हणून भागत नाही, अपवादात्मक केसमध्येच आणि सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच कोर्ट ते मानतं. म्हणजे तुम्ही भावांच्या बाजूने असाल आणि "१९८५ लाच वाटप झालं" म्हणत असाल तर त्या वेळचे फेरफार, वेगवेगळे ८अ (खातेदाराच्या जमिनीचे उतारे), वेगळी घरपट्टी, हे पहिल्या दिवशी यादीसोबत द्या. तीन वर्षांनी उलटतपासात काढायला ठेवू नका.

आता मिळकतीची यादी. ७/१२ चा उतारा, ८अ, शहरात असेल तर मिळकत पत्रिका, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. जुना सर्व्हे नंबर, आताचा गट नंबर, आणि दोन्ही जोडणारा एकत्रीकरणाचा कागद. चतुःसीमा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि सगळीकडे तेच क्षेत्र, दाव्यात एक आणि उताऱ्यात दुसरं नको. एक मिळकत सोडून बाकीच्यांचं वाटप मागितलं की समोरचा वकील "अर्धवट वाटपाचा दावा चालत नाही" म्हणणारच, म्हणून सगळ्या टाका किंवा का टाकली नाही ते दाव्यातच लिहा. घरात कुणी "ती गावची पडीक जागा सोडून द्या हो, तिला काही किंमत नाही" म्हणालं तरी सोडू नका.

मोडी लिपीतला जुना कागद असेल तर लिप्यंतर करून घ्या, आणि हायकोर्टात मराठी मृत्युपत्राचा अधिकृत इंग्रजी अनुवाद लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून पिटिशन तयार व्हायच्या आधीच त्याच्या मागे लागा.

वंशावळीचं वेगळं, स्वच्छ, मोठ्या अक्षरातलं एक पान करून त्याच्या जादा प्रती जवळ ठेवा. वाटपाचा दावा बहुतेक वेळा एका जजच्या कार्यकाळात संपत नाही, बदली होते, नवीन साहेब किंवा मॅडम येतात आणि त्यांना जाडजूड फाइल आणि वाचता न येणारा रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामाची नोंद) मिळतो. पहिल्याच तारखेला हे एक पान आणि तारखांची अर्ध्या पानाची यादी पुरसीससोबत (कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनासोबत) रेकॉर्डवर दिली, समोरच्याला प्रत दिली, की त्या दाव्याला दिशा मिळते. यात काही डावपेच नाही, जजला खरंच मदत लागते आणि ती कुणी करत नाही.

पायरी ३: आपल्या विरोधातलं आपणच आधी सांगा

यावर माझं मत ठाम आहे. वारसाहक्काच्या केसमध्ये लपवलेली गोष्ट बाहेर येतेच, कारण समोर बसलेला माणूस परका नाही, त्याच घरात वाढलेला भाऊ नाहीतर बहीण आहे, त्याला सगळं माहिती असतं.

वडिलांना दुसरं लग्न होतं? त्या लग्नातली मुलं आहेत? दाव्यात लिहा आणि त्यांना पार्टी करा. लग्न कायद्याने रद्द ठरणारं असलं तरी त्या मुलांना आईवडिलांच्या मिळकतीत हक्क आहे, आणि रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाप्रमाणे एकत्र कुटुंबातल्या मिळकतीत वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही आहे. क्लायंट म्हणेल "साहेब, त्यांचं नाव नका घेऊ, आई चिडेल". आईशी आपण स्वतः बोला, शांतपणे समजवा, पण नाव गाळू नका. आवश्यक पक्षकार नसल्यामुळे पंधरा वर्षांनी अपिलात अख्खा दावा पडला की ती आईच सगळ्यात जास्त भोगते.

नॉमिनेशनचं पण तसंच. तुमचा क्लायंट सोसायटीत किंवा डिमॅटमध्ये नॉमिनी असेल तर "नॉमिनी म्हणजे मालक" असा युक्तिवाद करून जजचा विश्वास घालवू नका. विमा पॉलिसीबद्दल सरबती देवी १९८४ पासून (जवळच्या नात्यातला नॉमिनी असेल तर विमा कायद्याची २०१५ ची दुरुस्ती वेगळी बघा) आणि शेअर्सबद्दल शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर डिसेंबर २०२३ पासून स्पष्ट आहे की नॉमिनी रक्कम किंवा शेअर्स ताब्यात घेतो, वारसाहक्क बदलत नाही. फेरफार नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही, हेही समोरच्याने सांगण्याआधी आपणच मान्य करा आणि मग आपला खरा मुद्दा मांडा.

आपल्या विरोधात जाणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल असेल तर तो पण स्वतःहून दाखवा आणि तो इथे का लागू नाही ते सांगा. एकदा जजला कळलं की ही वकील मॅडम विरोधातला निकाल लपवत नाही, की पुढच्या प्रत्येक केसमध्ये तुमचं वाक्य ते जरा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

पायरी ४: अर्जंट मनाई मागताना

वाटपाच्या दाव्यात निशाणी ५ चा मनाईचा अर्ज ठरलेला असतो. भाऊ जमीन विकतोय, बिल्डरशी डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट करतोय, वगैरे. समोरचा हजर नसताना ऑर्डर मागत असाल तर जबाबदारी दुप्पट होते, कारण जज फक्त तुमचंच ऐकून लिहिणार असतात. तेव्हा हक्कसोडपत्र असेल तर ते दाखवा, आधीचा निकाली दावा असेल तर सांगा, समोरच्याने नोटिशीला उत्तर दिलं असेल तर ते जोडा. आणि "जैसे थे" एवढंच न मागता कुठली मिळकत, कुणी, काय करायचं नाही, हे नेमकं लिहून द्या, म्हणजे जजला ऑर्डर करणं सोपं जातं आणि नंतर ती मोडली का नाही हेही ठरवता येतं.

ऑर्डर मिळाली की काम संपत नाही. सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, ऑर्डर ३९ रूल ३ प्रमाणे अर्ज, शपथपत्र, दाव्याची प्रत आणि कागदपत्रं समोरच्याला लगेच पाठवायची आणि पाठवल्याचं ॲफिडेव्हिट त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. हे बऱ्याच जणांकडून राहतं, मग समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. ३० दिवसांत अर्ज निकाली काढायचा कोर्टाने प्रयत्न करायचा असं रूल ३-अ सांगतो, म्हणून त्या काळात आपण तारखा मागत बसलो तर ते फार वाईट दिसतं.

मिळकत बृहन्मुंबईत असेल तर दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (या मिळकतीवर दावा चालू आहे अशी) रजिस्टर करा, नुसता दावा दाखल आहे एवढ्याने तिथे संरक्षण मिळत नाही. केली की नोंदणीची प्रत रेकॉर्डवर ठेवा.

कॅव्हेटच्या (कोर्टात आधीच दाखल केलेल्या हरकतीच्या) बाबतीत नवीन लोक हमखास गोंधळतात. सीपीसीच्या कलम १४८-अ चं कॅव्हेट ९० दिवस चालतं आणि ते फक्त "मला ऐकल्याशिवाय ऑर्डर करू नका" एवढं असतं. प्रोबेटमधलं कॅव्हेट वेगळं, वारसा कायद्याच्या कलम २८४ खालचं, त्याच्यासोबत मृत्युपत्राला विरोध का ते सांगणारं ॲफिडेव्हिट मुदतीत द्यावं लागतं आणि ते दिलं की पिटिशनचं रूपांतर टेस्टामेंटरी सूटमध्ये (मृत्युपत्राच्या दाव्यात) होतं. आणि कॅव्हेट कुणीही टाकू शकत नाही, मयताच्या मिळकतीत ज्याचा काही हितसंबंध आहे त्यानेच, कृष्णकुमार बिर्ला विरुद्ध राजेंद्रसिंग लोढा २००८ वाचून मगच टाका.

पायरी ५: दाव्यात कुणी वारलं तर

हे छोटं वाटतं पण सगळ्यात जास्त वाटपाचे दावे इथेच अडकलेले असतात. पक्षकार म्हातारे असतात, दावा लांबतो, आणि मध्येच कुणीतरी जातं. वारस रेकॉर्डवर घ्यायला ९० दिवस, नाही घेतले तर दावा ॲबेट होतो (आपोआप संपतो), ते ॲबेटमेंट रद्द करून घ्यायला पुढे ६० दिवस, त्यानंतर विलंब माफीचा अर्ज आणि त्यावर वर्ष.

आपला स्वतःचा पक्षकार वारला तर ऑर्डर २२ रूल १०-अ प्रमाणे ते कोर्टाला कळवणं वकिलावर बंधनकारक आहे. प्रत्येक तारखेला जाण्याआधी क्लायंटला एक फोन करा आणि घरातले सगळे पक्षकार ठीक आहेत ना ते विचारा. जज समोरून विचारतात, "वकीलसाहेब, तुमचे तीन नंबरचे प्रतिवादी आहेत ना अजून?", आणि आपल्याला माहिती नसतं, याच्याइतकं वाईट काही नाही. आणि वारलेल्याचे वारस घेतले की वंशावळीचं ते पान बदलून नवीन द्या, हिस्से पण परत मांडा.

अज्ञान (अल्पवयीन) मुलं असतील तर त्यांचा पालक नेमून घ्या, आणि ज्या आईचं स्वतःचं हित मुलाच्या विरोधात आहे तिलाच पालक म्हणून पुढे करू नका. जज हे बारकाईने बघतात आणि बघायलाच हवं.

पायरी ६: मृत्युपत्र सिद्ध करणं

इथे थोडं जास्त थांबूया कारण खरी लढाई इथे होते.

वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार पाहिजेत आणि भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६८, हयात असलेला निदान एक साक्षीदार कोर्टात आणावा लागतो. मृत्युपत्र रजिस्टर आहे म्हणून यातून सुटका नाही. साक्षीदाराच्या सरतपासाच्या ॲफिडेव्हिटमध्ये तीन गोष्टी स्पष्ट यायला हव्यात: मयताने माझ्यासमोर सही केली किंवा ती आपली सही आहे असं मला सांगितलं, मी मयताच्या समोर सही केली, आणि दुसऱ्या साक्षीदारानेही मयताच्या समोर सही केली. हा तिसरा मुद्दा राहतो. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम ही आपल्याकडचीच केस, २००३ मध्ये एससीसी या निकालांच्या रिपोर्टमध्ये छापून आली, तिथे एकच साक्षीदार तपासला गेला आणि दुसऱ्याच्या सहीबद्दल त्याच्याकडून सिद्ध झालं नाही, म्हणून मृत्युपत्रच सिद्ध झालं नाही. एका वाक्याने मिळकत गेली. ॲफिडेव्हिट टाइप करण्याआधी साक्षीदाराशी समोरासमोर बसा, त्याला काय आठवतं ते ऐका, जे आठवत नाही ते त्याच्या तोंडी घालू नका. पढवलेला साक्षीदार जजना उलटतपासाच्या पहिल्या पाच प्रश्नांत कळतो.

दुसरा भाग संशयास्पद परिस्थितीचा. एच. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. तिम्मजम्मा, १९५९, हा निकाल पूर्ण वाचा, नुसता वरचा सारांश (हेडनोट) नाही. मृत्युपत्र करणारा माणूस आता सांगायला हयात नाही, म्हणून संशयाच्या जागा असतील तर त्या दूर करणं हे मृत्युपत्र पुढे करणाऱ्याचं काम आहे आणि कोर्टाच्या मनाचं समाधान व्हायला हवं, हा त्याचा गाभा. मग आपण मृत्युपत्र पुढे करत असू तर जजच्या मनात कुठले प्रश्न येणार त्याची यादी आपणच करायची. एका मुलाला काहीच का दिलं नाही? ज्याला सगळं मिळालं तोच ऑफिसात घेऊन गेला होता का? तेव्हा आजारी होते का, औषधं चालू होती का? सही थरथरलेली का आहे? मृत्यूनंतर पाच वर्षं मृत्युपत्र कुठे होतं? प्रत्येकाला पुराव्यातून उत्तर पाहिजे, शेवटच्या युक्तिवादात नाही. डॉक्टरांना तपासायचं असेल तर उपचार करणाऱ्याच डॉक्टरांना बोलवा, त्या दिवशीचे कागद घेऊन.

आणि विरोधात असाल तर सगळेच आरोप एकदम करू नका. सही खोटी आहे, सही खरी पण जबरदस्तीने घेतली, ते वेडे होते, मृत्युपत्र नंतर बनवलं, असं सगळं एकत्र लिहिलं की जजना कळत नाही तुमची केस नक्की काय आहे, आणि दबाव, फसवणूक म्हणत असाल तर तपशील द्यावाच लागतो, कोणी, कधी, कसं. दोन मुद्दे निवडा आणि त्यावरच उलटतपास घ्या. म्हाताऱ्या साक्षीदाराला तासन्‌तास एकच प्रश्न फिरवून विचारणं जजना आवडत नाही, आणि रेकॉर्डवरही त्याचा काही फायदा दिसत नाही.

मृत्युपत्र तुम्हीच बनवलं असेल किंवा त्यावर साक्षीदार म्हणून सही असेल तर त्या केसमध्ये वकीलपत्र घेऊ नका. तुम्हालाच साक्षीला उभं राहावं लागणार आहे आणि बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. तसंच सगळ्या भावंडांचं एकच वकीलपत्र घेतलं आणि नंतर त्यांच्यात फाटलं तर सगळ्यांचंच सोडावं लागतं.

पायरी ७: उभं राहून बोलताना

तालुका कोर्टात "सर", "मॅडम", "युवर ऑनर" चालतं, हायकोर्टात "माय लॉर्ड" किंवा "लॉर्डशिप". यावर जास्त विचार करू नका. पहिलं वाक्य मात्र ठरवून जा. "वाटपाचा दावा, चार भावंडं, वडील १९९८ ला मृत्युपत्र न करता वारले, आज फक्त प्रतिवादी दोनच्या कागदपत्र दाखल करायच्या अर्जावर ऑर्डर हवीय", इतकं सांगितलं की जजना कळतं आज काय करायचंय. इतिहास मागितला तर सांगा.

प्रश्न विचारला की त्याच प्रश्नाचं उत्तर द्या. "त्यावर मी येतोच" असं म्हणू नका, आत्ताच या. माहिती नसेल तर "सूचना घेऊन सांगतो" म्हणा आणि पुढच्या तारखेला खरंच सांगा, न विचारता. कागद दाखवताना निशाणी आणि पान नंबर बोला आणि जजचं पान उघडेपर्यंत थांबा. लेखी युक्तिवाद देत असाल तर हिस्स्यांचा तक्ता त्यात द्या, कारण जजमेंटमध्ये शेवटी जजना १/४, १/८, १/२४ असंच लिहायचं असतं, आणि बेरीज एक येते का ते स्वतः दोनदा तपासा.

क्लायंटला पण तयार करा. बोलताना मध्येच मागून "खोटं आहे साहेब!" असं ओरडणारा काका प्रत्येक केसमध्ये असतो. त्यांना आधीच सांगा की त्यांचं म्हणणं तुम्ही मांडणार आहात.

चेंबरमध्ये जाऊन समोरच्याशिवाय केसबद्दल बोलणं, मेसेज करणं, ओळखीतून निरोप देणं, यातलं काहीही कधीच करायचं नाही. अर्जंट असेल तर मेंशन करा, म्हणजे भर कोर्टात जजसमोर तसं सांगा, समोरच्याला कळवून.

पायरी ८: तडजोडीची वेळ

बहुतेक जज या केसेस मीडिएशनला पाठवायला बघतात आणि ते बरोबरच आहे. पण नुसतं "हो साहेब" म्हणून गेलो आणि तिथे मिळकतीची किंमतच माहिती नसेल तर तीन तारखा वाया. जाताना रेडी रेकनरचे दर, फ्लॅटचं व्हॅल्युएशन, कर्ज बाकी, आणि क्लायंट कुठपर्यंत उतरेल ते सगळं बरोबर न्या. बऱ्याचदा भांडण पैशाचं नसतं, आईला शेवटी कोणी सांभाळलं याचं असतं, ते तिथे बोलू द्या.

टर्म्स लिहिताना अज्ञान मुलासाठी कोर्टाची परवानगी घ्या, ऑर्डर ३२ रूल ७, नाहीतर ती तडजोड मुलाला मोडता येते. दाव्यात नसलेली स्थावर मिळकत तडजोडीत घातली तर रजिस्ट्रेशन लागेल. आणि प्रोबेटमध्ये सगळ्यांनी संमती दिली तरी मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही, कारण तो निर्णय सगळ्या जगाला लागू होतो, म्हणून साक्षीदाराचं ॲफिडेव्हिट तरी हवंच. हे जजनी सांगायच्या आधी आपण तयार ठेवा.

पायरी ९: प्राथमिक हुकूमनामा झाला म्हणजे पेढे वाटू नका

वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्से ठरतात, प्रत्यक्ष वाटप नंतर अंतिम हुकूमनाम्याने. सुप्रीम कोर्टाने शुभकरण बुबना २००९ मध्ये आणि परत कट्टुकंडी एडाथिल कृष्णन २०२२ मध्ये सांगितलंय की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर ट्रायल कोर्टाने स्वतःहूनच मॅटर पुढच्या टप्प्यासाठी लावावं, वेगळ्या अर्जाची वाट बघू नये. पण फाइल रेकॉर्डला निघून गेली तर कोण आठवण करणार, आपणच. निकालाच्याच दिवशी नम्रपणे पुढची तारीख मागा.

शेतजमीन असेल तर सीपीसीच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे जाते, तिथून तहसीलदार, भूमी अभिलेख, मोजणी. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लक्षात घेऊन वाटपाचा आराखडा सुचवा, नाहीतर गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे मागितले तर कागद तिथेच अडकतो. घर किंवा फ्लॅट असेल तर कोर्ट कमिशनर. दोन खोल्यांचा फ्लॅट पाच जणांत वाटता येत नाही, तेव्हा १८९३ चा पार्टिशन ॲक्ट बघा: अर्धा किंवा जास्त हिस्सा असलेल्यांनी मागितलं तर कोर्ट विक्रीचा हुकूम करू शकतं, आणि बाकीच्यांना किंमत ठरवून विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा विकत घ्यायची संधी मिळते. मध्ये कुणी वारलं आणि हिस्से बदलले तर दुसरा प्राथमिक हुकूमनामाही करता येतो, फूलचंद विरुद्ध गोपाल लाल १९६७, म्हणून घाबरून नवीन दावा टाकू नका.

आणि अंतिम हुकूमनाम्याला स्टॅम्प पेपर लागतो, तो भरल्याशिवाय दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालत नाही. स्टॅम्पचे पैसे कोणी भरायचे यावर भावंडं वर्षानुवर्षं अडून बसतात आणि त्यांना वाटतं की स्टॅम्प भरल्यावर मुदत सुरू होईल. तसं नाहीये. चिरंजीलाल विरुद्ध हरिदास, २००५, प्रमाणे बारा वर्षं हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच मोजतात, म्हणून ती तारीख डायरीत लिहा, क्लायंटला लेखी कळवा आणि त्याची पोच फाइलला लावून ठेवा.